दर पावसाळ्यात सरकणारा झीरो: स्प्रिंगच्या छर्रा रायफलीचं दुखणं कसं शोधलं

रंगपंचमीला बसवलेला झीरो, म्हणजे दुर्बिणीतला नेम आणि छर्रा लागण्याची जागा यांचा जुळवलेला मेळ, अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) निघेपर्यंत टिकत नाही. आमच्या रायफलीचं हे दुखणं ओळखायला मला तीन पावसाळे लागले. त्या तीन वर्षांत मी नवी दुर्बीण घेतली, जास्त ताकदीची स्प्रिंग बसवली, पिस्टनचा वॉशर दोनदा बदलला. खरा दोष निघाला लाकडात आणि पुढच्या दोन स्क्रूंमध्ये. स्वस्तातली रायफल घेऊन घरी सराव करणाऱ्या बऱ्याच जणांना हाच त्रास होतो आणि बहुतेक जण माझ्यासारखेच चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात. म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे.

रायफल साधी आहे. .१७७ म्हणजे ४.५ मिमी बोअर, नळी मोडून स्प्रिंग चढवायची, लाकडी दस्ता, वर ४×३२ ची दुर्बीण. इंदूरला राजेंद्रनगरमध्ये आमचं जुनं घर आहे. पुढच्या खोलीपासून मागच्या पडवीपर्यंत सरळ १० मीटर मिळतात. लेक रेंजवर दाबाच्या हवेच्या रायफलीवर शिकते, पण रोज रेंजवर जाणं जमत नाही, म्हणून घरी ही. टार्गेट मात्र आम्ही एअर पिस्तूलचं लावतो. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा ०.५ मिमीचा असतो, पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं. स्प्रिंगच्या स्वस्त रायफलीकडून अर्ध्या मिलिमीटरची अपेक्षा धरली तर मुलांचा धीर सुटतो.

लक्षण असं होतं. मार्चमध्ये पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जायचे. सप्टेंबरमध्ये तोच ग्रुप, म्हणजे त्या पाच भोकांचा पुंजका, अडीच सेंटिमीटर डावीकडे आणि थोडा खाली जायचा, शिवाय सुटा पडायचा. दुर्बिणीचा टरेट (नेम सरकवायची फिरकी) फिरवून ग्रुप मध्ये आणला की तो दिवस बरा जायचा आणि पुढच्या रविवारी ग्रुप तिसरीकडेच. डिसेंबर आला की आणखी वेगळी दिशा. तुमच्याकडेही असंच होत असेल, तर टरेटवरून हात काढा आणि पुढचं वाचा.

आधी थोडं गणित

मी वॉशर दोनदा बदलला तो चुकीच्या समजुतीने. वाटायचं, हवा गळतेय, वेग कमी झालाय, म्हणून छर्रा खाली जातोय. दुकानदारानेही तेच सांगितलं. पण १० मीटरवर वेगाचा परिणाम किती होतो, हे कागदावर मांडून बघितलं असतं तर दोन्ही वेळचे पैसे वाचले असते.

छर्रा सेकंदाला १८० मीटर वेगाने निघाला तर १० मीटर जायला त्याला साधारण ०.०५६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने तो सुमारे १५ मिमी खाली येतो. वेग घसरून १६५ झाला तर १८ मिमी. म्हणजे वेगात सेकंदाला चांगला १५ मीटरचा फरक पडला तरी छर्रा ३ मिमीच खाली लागणार, आणि डावीकडे तर त्याने जाण्याचं कारणच नाही. माझा ग्रुप २५ मिमी सरकत होता. वेगामुळे हे होऊच शकत नव्हतं. कमी वेगाचा छर्रा नळीत जरा जास्त वेळ राहतो, झटक्यात सापडतो आणि त्यामुळे आणखी थोडा इकडेतिकडे जातो, हे खरं. तरी २५ मिमी नाही.

उलटं गणित मांडलं की दोष कुठे शोधायचा ते दिसतं. १० मीटरवर २५ मिमी म्हणजे हजारात अडीच भाग. दुर्बिणीच्या दोन रिंगांमध्ये १०० मिमी अंतर असेल, तर त्यातली एक रिंग पाव मिलिमीटर सरकली तरी एवढा फरक पडतो. ४५० मिमीच्या नळीचं टोक जेमतेम एक मिलिमीटर हललं तरी तेवढाच. असा पाव मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही. तो हाताने चाचपून आणि खुणा करून शोधावा लागतो.

वेग मोजायचा असेल तर महागडं यंत्र लागत नाही. आवाज रेकॉर्ड करणारं कुठलंही ॲप चालतं. मोबाइल बरोबर मधोमध, ५ मीटरवर ठेवा, पण छर्‍याच्या वाटेपासून बाजूला आणि विटेच्या आडोशाला. टार्गेटमागे पत्रा हवा, म्हणजे लागल्याचा आवाज स्पष्ट येतो. मोबाइल मधोमध असला की सुटल्याचा आवाज आणि लागल्याचा आवाज दोघांनाही सारखंच अंतर कापावं लागतं. त्यामुळे दोन आवाजांमधलं अंतर हाच छर्‍याचा प्रवासाचा वेळ. १० भागिले तो वेळ म्हणजे सरासरी वेग. लेकीने शाळेच्या प्रकल्पासाठी हे केलं आणि तेव्हापासून आमच्या वहीत दर महिन्याचा आकडा आहे. हा आकडा एकदम पडला तर वॉशर किंवा स्प्रिंग बघायची, नाही तर त्यांना हात लावायचा नाही.

दुर्बीण काढून ठेवा

ही चाचणी मी तिसऱ्या वर्षी केली. ती पहिल्याच रविवारी करायला हवी होती. दुर्बीण रिंगांसकट उतरवा आणि रायफलीच्या स्वतःच्या माशीवर (उघड्या नेमावर) पाच-पाच छर्‍यांचे चार ग्रुप मारा. झीरो कुठे आहे ते बघू नका, ग्रुप किती घट्ट पडतोय तेवढंच बघा.

ग्रुप घट्ट आला तर दोष दुर्बिणीत, रिंगांमध्ये किंवा नळीच्या सांध्यात. इथे एक बारकावा आहे. नळी मोडणाऱ्या अनेक रायफलींत पुढची माशी आणि मागची खाच दोन्ही नळीवरच असतात आणि दुर्बीण असते मागच्या, पिस्टनच्या ट्यूबवर. सांधा ढिला असला, तर नळीबरोबर माशी आणि खाचही हलते, त्यामुळे उघड्या नेमावर काही कळत नाही. दुर्बीण मात्र जागेवर राहते आणि चुकीचं दाखवते. म्हणून उघड्या नेमावर ठीक आणि दुर्बिणीवर बिघाड, एवढ्यावरून दुर्बिणीला दोष देऊन नवी घेऊ नका. मी घेतली होती.

उघड्या नेमावरही ग्रुप सुटा असेल तर दोष दस्त्यात, छर्‍यात, नळीत किंवा धरण्यात. आमचा सुटाच होता. दुर्बीण निर्दोष होती.

दस्ता आणि स्क्रू

आता मुख्य गोष्ट. स्प्रिंगची रायफल दोनदा झटका देते. ट्रिगर सुटला की पिस्टन पुढे धावतो आणि रायफल मागे येते. मग पिस्टन दाबलेल्या हवेवर आणि ट्यूबच्या तोंडाशी अडतो आणि रायफल पुढे जाते. छर्रा नळीबाहेर पडायच्या आधीच रायफल हललेली असते. म्हणून तिने दर वेळी सारखंच हलणं, यावर सगळी अचूकता अवलंबून आहे. लोखंडी भाग दस्त्यात घट्ट बसलेला असेल तर ती सारखी हलते. तो केसभर मोकळा असेल तर दर छर्‍याला वेगळी हलते. दुर्बीण आणि नळी एकमेकींशी अगदी सरळ असूनही छर्रे विखुरतात, आणि माणूस दुर्बिणीवर संशय घेतो.

या दुहेरी झटक्याने स्क्रू सुटतात, हे सगळेच सांगतात. पुढे दोन बाजूंचे दोन आणि ट्रिगरगार्डचे एक-दोन. आमचे मी दर आठवड्याला आवळत होते. तिथेच चूक होत होती.

लाकूड पावसाळ्यात रेषांच्या आडव्या दिशेला फुगतं. स्क्रू आधीच करकचून आवळलेला असला तर फुगायला जागा नसते आणि स्क्रूच्या डोक्याखालचे लाकडाचे तंतू चिरडले जातात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेच लाकूड आकसतं, आणि चिरडलेले तंतू परत वर येत नसल्याने पूर्वीपेक्षाही खाली बसतं. स्क्रू ढिला होतो. मग आपण तो आणखी आवळतो. पुढच्या पावसाळ्यात आणखी तंतू चिरडतात. दर वर्षी दुखणं थोडं वाढतं ते असं. आमच्या डावीकडच्या स्क्रूचं डोकं दोन मिलिमीटर लाकडात रुतलं होतं, उजवीकडचं जवळजवळ मूळ जागी होतं. ग्रुप डावीकडे का जायचा, ते स्क्रू काढून दोन्ही भोकं शेजारी शेजारी बघितल्यावर समजलं.

आणखी एक गोष्ट दस्ता काढल्यावरच दिसली. बाहेरून चकचकीत पॉलिश, पण आतली खाच कोरं लाकूड! दमट हवा आतूनच शिरत होती.

यावर टिकलेला उपाय म्हणजे पितळी बुश. पोलो ग्राउंडच्या एका खराद (लेथ) कारखान्यात मी जुना स्क्रू आणि दस्ता घेऊन गेले. उस्तादांनी रायफल कशाला, काय, हे काही विचारलं नाही. भोक बघितलं आणि म्हणाले, "दीदी, लकड़ी पे क्यों कस रहे हो, लोहे पे कसो।" नेमकं हेच. भोक मोठं करून त्यात पितळेची नळी बसवायची. स्क्रूचं डोकं त्या नळीवर टेकतं आणि नळीचं दुसरं टोक रायफलीच्या लोखंडावर. जोर सगळा धातूतून धातूवर जातो, मधलं लाकूड फुगो की आकसो, स्क्रूला फरक पडत नाही.

करताना या गोष्टी सांभाळा. बुशच्या आतून स्क्रू सहज, न घासता गेला पाहिजे. बुश लाकडापेक्षा लांब झाली तर दस्ता खुळखुळतो, म्हणून आधी किंचित लांब ठेवा आणि कानशीने एकेक घास घेत जुळवा. चिकटवायला हळू सुकणारं ॲराल्डाइट वापरा, झटपट सुकणारं नको. दस्ता रायफलीवर चढवून, स्क्रू हलकेच घालून, चोवीस तास तसाच ठेवा, म्हणजे बुश आपोआप सरळ रेषेत बसते. त्याआधी स्क्रूला आणि लोखंडाला बूट पॉलिशचा जाड थर द्या, नाही तर सगळं एकमेकांना कायमचं चिकटेल. दस्त्याच्या आतल्या खाचेला मी जवसाच्या उकळलेल्या तेलाचे तीन हात दिले, प्रत्येक हात नीट सुकवून. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, मोकळी पसरून वाळवा. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो.

शेवटी स्क्रूचे आटे पेट्रोलने पुसून, तेलाचा अंश घालवून, निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू सुटू न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब. लाल अजिबात नको, तो उघडायला तापवावं लागतं. आणि आवळताना मनगटाचा जोर पुरे, खांद्याचा नको.

स्क्रूच्या डोक्यावरून दस्त्यावर येईल अशी व्हाइटनरची एक बारीक रेघ मारा. स्क्रू फिरला की रेघ तुटलेली दिसते. दर आठवड्याला आवळत बसण्यापेक्षा दर आठवड्याला रेघ बघणं चांगलं.

नळीचा सांधा

स्प्रिंग चढवण्यासाठी नळी मोडता तेव्हा हे बघता येतं. स्प्रिंग चढली की नळी मधल्या कुठल्याही जागी सोडा, पण हात खाली तयार ठेवून. ती तिथेच थांबली पाहिजे. आपल्या वजनाने खाली पडत असेल तर सांध्याचा बोल्ट ढिला आहे. काही स्वस्त रायफलींत बोल्टऐवजी पिन असते, ती आवळता येत नाही. तिथे बाजूला पातळ वॉशर घालून फट भरावी लागते.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. नळी मोडलेली असताना आणि छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरलेलीच पाहिजे. अनेक स्वस्त रायफलींना नळी उघडी असताना ट्रिगर अडवणारी सोय नसते. ट्रिगर चुकून सुटला तर नळी जोरात मिटते आणि मध्ये बोट असेल तर जातं. आमच्या घरी हा नियम मोडला की त्या दिवशी सराव बंद.

सांध्यातलं रबर किंवा चामड्याचं सील तपासायला टिश्यू पेपरची पट्टी पुरते. सांध्यावर पट्टी ठेवा, छर्रा भरून टार्गेटवर सोडा. पट्टी उडाली तर हवा तिथून निसटतेय. सील कडेच्या किंचित वर हवं, चपटं झालं असेल तर बदला, किंवा त्याच्याखाली पातळ प्लॅस्टिकची चकती कापून घाला. चाचणीसाठी रिकामी रायफल सोडू नका. पुढे छर्रा नसला की पिस्टनला हवेची गादी मिळत नाही आणि तो थेट ट्यूबच्या तोंडावर आदळतो.

दुर्बिणीला दोष असेल तेव्हा

असतोही कधी कधी. बारुदाच्या रायफलीच्या दुर्बिणी मागे येणाऱ्या झटक्यासाठी बनलेल्या असतात. स्प्रिंगची रायफल मागून पुढेही झटका देते आणि त्याने आतली भिंगं धरणारी बारीक स्प्रिंग ढिली होते. त्यामुळे दुर्बीण स्प्रिंग एअर रायफलसाठी म्हणून लिहिलेलीच घ्यावी. रिंगा ११ मिमीच्या खाचेवर हळूहळू मागे सरकतात. मागच्या रिंगेच्या कडेला रायफलीच्या ट्यूबवर पेन्सिलीने रेघ मारा, शंभर छर्‍यांनंतर रेघ आणि रिंग यांत फट दिसली तर उत्तर मिळालं. अडवणारी पिन असलेलं एकसंध माउंट हा यावरचा सरळ उपाय.

टरेट वर अगदी टोकाला नेलेला असेल तर आतल्या स्प्रिंगला ताण राहत नाही आणि झीरो भटकतो. नळी मोडणाऱ्या रायफलीची नळी बऱ्याचदा थोडी खाली झुकलेली असते, म्हणून टरेट वर-वर न्यावा लागतो. टरेट मध्यावर आणा आणि मागच्या रिंगेत दुर्बिणीखाली कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी घाला. तो पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो. रिंगांमध्ये १०० मिमी अंतर असेल तर एका पट्टीने १० मीटरवर नेम १० मिमी वर जातो. तुलनेसाठी सांगते, टरेटच्या पाव मिनिटाच्या (हे कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग) एका क्लिकने १० मीटरवर पाऊण मिलिमीटरसुद्धा फरक पडत नाही.

स्वस्त दुर्बिणींचा पॅरॅलॅक्स बहुधा १०० यार्डांवर बसवलेला असतो. १० मीटरवर डोळा जरा बाजूला गेला की फुलीही टार्गेटवरून सरकते. गाल दर वेळी एकाच जागी टेकला पाहिजे. आम्ही दस्त्यावर गालाच्या जागी कापडी पट्टी चिकटवली आहे, तिचा स्पर्श लागला की लेकीला न बघता कळतं.

रायफल दाबून धरू नये

शेजारी एक सुभेदार काका आहेत, मूळचे साताऱ्याकडचे, इंदूरजवळ महूच्या छावणीत बरीच नोकरी झालेली. त्यांनी एकदा लेकीला बघितलं. ती रायफल खांद्यात रोवून, पुढच्या हाताने आवळून धरत होती. काका म्हणाले, "बाळा, ही फौजेतली रायफल नाही. हिला पकडू नकोस, हिला ठेव." पुढचा तळहात उघडा, त्यावर रायफल नुसती टेकलेली, खांद्याला हलका स्पर्श, बोटं मोकळी. झटका येतो तेव्हा तिला हवं तसं जाऊ द्यायचं. घट्ट धरली की प्रत्येक वेळी वेगळी घट्ट धरली जाते. त्याच दुपारी ग्रुप निम्म्यावर आला, आणि हे बुश बसवायच्याही आधी.

तळहात कुठे ठेवायचा, हे प्रत्येक रायफलीचं वेगळं असतं. ट्रिगरगार्डच्या पुढे सुरुवात करून दोन-दोन सेंटिमीटरने पुढे सरकत ग्रुप मारत जा, एक जागा अशी सापडते जिथे ती शांत होते. तिथे दस्त्याला खूण करा. उशीवर किंवा वाळूच्या कडक पिशवीवर टेकवून बसवलेला झीरो हातात धरल्यावर वेगळा लागतो, हेही लक्षात ठेवा. जशी वापरणार तशीच धरून झीरो करा.

तेल, छर्रे, नळी

पिस्टनपुढे तेल सोडायची सवय आपल्याकडे फार आहे. शिवणयंत्राचं, खोबरेल, हाताला लागेल ते. पिस्टनपुढे दाबलेली हवा इतकी तापते की खनिज तेल तिथे पेटतं. फाटकन आवाज, धूर, जळका वास येतो. वेग वेडावाकडा होतो आणि सीलची वाट लागते. खोबरेलाचा आणखी एक त्रास: इंदूरच्या जानेवारीत ते बाटलीतच थिजतं, तर ट्यूबमध्ये काय होत असेल! चामड्याच्या वॉशरला कधीमधी एक-दोन थेंब एअरगनसाठीचं सिलिकॉन तेल. कृत्रिम सीलला जवळजवळ काहीच नको. स्प्रिंगला मोलिब्डेनमचं ग्रीस, तेही पातळ थर. सिलिकॉन स्प्रिंगवर नको, लोखंडावर लोखंड घासतं तिथे ते कामाचं नाही.

छर्रे तोलून वेगळे करायचा खटाटोप १० मीटरसाठी करू नका. कड चेपलेले मात्र निवडून टाका. छर्‍याची मागची कड हवेने फुलून नळीला चिकटते, ती वाकडी असेल तर छर्रा तिरका सुटतो. तीन-चार प्रकारचे छर्रे आणून प्रत्येकाचे वीस-वीस मारा. एखाद्या रायफलीला महागडा डबा पटत नाही आणि साधा पटतो. प्रकार बदलल्यावर पहिले दहा-पंधरा छर्रे मोजू नका, नळी त्या शिश्याला सरावू द्या.

नळी साफ करायला मासे धरायच्या जाड दोरीला कापडाची चिंधी बांधून मागून पुढे ओढा. तोंडाकडून लोखंडी सळई घालू नका. नळीच्या टोकाची कड हा शेवटचा स्पर्श, तिथे ओरखडा पडला की काही खरं नाही. कानात घालायची कापसाची काडी त्या कडेवरून फिरवा. कापूस एकाच जागी अडकला तर तिथे बारीक टवका आहे. गोल डोक्याच्या पितळी स्क्रूला व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून, नळीत आधी कापसाचा बोळा घालून, हाताने गोल-गोल फिरवून तो निघतो. ड्रिल मशीन नको. नंतर पेस्टचा कणही आत राहता कामा नये.

ती जास्त ताकदीची स्प्रिंग

मी ती का बसवली याचं मला अजून वाईट वाटतं. वेग वाढला खरा, पण झटका दुप्पट वाटू लागला, लेकीला नळी मोडता येईना, आणि सगळे स्क्रू तीसेक छर्‍यांत सुटू लागले. लाकडाचे तंतू सर्वांत जास्त चिरडले ते त्याच वर्षी. १० मीटरवर कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही. शिवाय २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा, या मर्यादेत असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. ताकद वाढवत बसलं तर या मर्यादेचाही विचार करावा लागतो. ०.५३ ग्रॅमचा छर्रा १८० मीटर वेगाने गेला तर ऊर्जा साडेआठ ज्यूलच्या आसपास येते. तेवढी आपल्या कामाला भरपूर आहे.

मूळ स्प्रिंग परत बसवली. स्प्रिंग काढायचं काम क्लॅम्पशिवाय करू नका. ती ट्यूबमध्ये दाबून बसवलेली असते, शेवटची पिन काढताच मागचं झाकण तोंडावर येतं. सुताराचा लांब क्लॅम्प आणि लाकडी ठोकळा घेऊन, दाब देत पिन काढून, मग हळूहळू सैल करायचं. स्प्रिंग काचेवर लोळवून बघा, वाकलेली असेल तर लंगडत लोळते. ट्रिगरच्या आतल्या दातांना कानस लावू नका. एवढंच.

घरात मारताना टार्गेटमागे आमच्याकडे लाकडी खोकं आहे, त्यात वर्तमानपत्रांचे दाबून भरलेले गठ्ठे आणि मागे पोलादी पत्रा. त्याच्या मागेही भिंतच आहे, दार किंवा गल्ली नाही. छर्रा उघड्यावर काही शे मीटर जाऊ शकतो. डोळ्याला चष्मा सगळ्यांना, बघणाऱ्यालाही. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाणं नाही. पावसाळ्यात रायफल रेक्झिनच्या पिशवीत बंद करून ठेवत नाही, फोममध्ये ओल साठते. तेलाच्या फडक्याने पुसून कुलपाच्या कपाटात उभी.

बुश बसवून आता दोन पावसाळे झाले. यंदा अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, रात्रभर झांक्या बघून डोळे चुरचुरत असताना, लेकीने वहीत लिहिलं: ग्रुप १३ मिमी, मध्यापासून ४ मिमी खाली, डावीकडे काही नाही. व्हाइटनरच्या चारही रेघा अखंड. एक गोष्ट अजून राहिली आहे. जानेवारीच्या सकाळी पहिले तीन-चार छर्रे खाली लागतात आणि मग नेम स्वतःच वर येतो. ग्रीस गारठलेलं असतं असं वाटतं. या थंडीत ट्यूबमधलं ग्रीस निम्मं करून, आवाजावरून वेग मोजून बघणार आहोत.